सोडलं म्हटल्याशिवाय

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी आपलं पद स्वेच्छेनं सोडलं, ही बातमी सगळ्या जगात सर्वांत शेवटी जर कुणाला कळली असेल, तर ती माझ्या थोरल्या जाऊबाईंना.

त्या तेव्हा गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दवाखान्यात पाय उशीवर टाकून पडल्या होत्या, आणि इकडे त्यांच्या त्यागाची पत्रिका छापूनसुद्धा आली होती. गुळगुळीत कागद, सोनेरी किनार. 'आपल्या धुलाई संस्थेच्या अध्यक्षा प्रकृतीच्या कारणास्तव स्वेच्छेने पदत्याग करीत आहेत. त्यानिमित्त निरोप समारंभ, तसेच नूतन अध्यक्षांच्या हस्ते नव्या रोलरचा शुभारंभ' वगैरे वगैरे. नूतन अध्यक्ष म्हणजे आमचे हे. माझे यजमान, आणि जाऊबाईंचे सख्खे धाकटे दीर.

पत्रिका मला यांच्या शर्टाच्या खिशात सापडली. कपडे भिजत घालण्याआधी खिसे उलटे करायची शिस्त आमच्या घरात ताईंनीच लावलेली. जाऊबाईंना मी ताई म्हणते. चादरी धुण्यावर ज्या घराचं पोट आहे, त्या घरातल्या शर्टाला कागदाचा लगदा चिकटलेला दिसला तर लोक काय म्हणतील, असा त्यांचा सवाल असायचा. यांना ही शिस्त लहानपणापासून माहीत होती, पण माणसाच्या डोक्यात हवा गेली की त्याचं खिशाकडे लक्ष राहत नाही.

"हे काय आहे?" मी पत्रिका यांच्या नाकासमोर धरली.

"अगं, तुला सांगणारच होतो."

"ताईंना सांगितलंत?"

"त्यांनाही सांगणारच आहे. सरप्राइज आहे ते."

सरप्राइज! माणसाला वाढदिवसाचं सरप्राइज देतात, हे मी ऐकलं होतं. त्याच्या स्वतःच्या राजीनाम्याचं सरप्राइज देणारा पहिला माणूस माझ्याच नशिबी यायचा होता.

"त्या स्वतः म्हणाल्या होत्या," हे म्हणाले. "ऑपरेशनला आत नेताना. 'भाऊजी, आता माझ्याच्यानं फार दिवस उभं राहवायचं नाही.' मी एकट्यानं नाही ऐकलं, नर्स पण होती तिथे."

"आणि एवढ्यावर तुम्ही कमिटीची सभा घेऊन मोकळे झालात?"

"मग कुणी निर्णय घ्यायलाच नको का? मोठ्या हॉस्पिटलचं कंत्राट येतंय. त्यांच्या मॅनेजरला समोर जबाबदार माणूस लागतो. वहिनींचं आता वय झालं. आणि किती दिवस ते 'सोडलं-घेतलं' करत बसायचं? दर वेळी मशीन थांबवा, सगळ्यांनी हात वर करा... तो मॅनेजर हसला बघून. म्हणाला, ही काय बालवाडी आहे का?"

म्हणजे तो हसला म्हणून. एक परका माणूस फिदीफिदी हसला, म्हणून जिच्या हातचं खाऊन वाढलो तिला घरी बसवायचं. मला असा काही राग आला! पण या 'सोडलं-घेतलं'बद्दल आधी सांगायला हवं, कारण बाकीचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

धुलाईतला रोलर म्हणजे वाफेनं तापलेला, आडवा, माणसाहून लांब असा लोखंडी दंडगोल. धुतलेली ओली चादर दोघी जणी दोन टोकांना धरून त्याच्या तोंडाशी लावतात. तो ती आत ओढून घेतो आणि पलीकडे ती कोरडी, सपाट, कडक होऊन बाहेर पडते. दवाखान्यांच्या, हॉटेलांच्या गाठोडीच्या गाठोडी चादरी अशा त्याच्यातून जातात. चादर आणि हात यांतला फरक रोलरला कळत नाही. त्याचं बटण एका बाजूच्या खांबावर असतं आणि त्या बटणापाशी कायम एक जण उभी असते. चादर गुंतली की ती मशीन बंद करते, बाकीच्या आत हात घालून चादर सोडवतात, मग ती पुन्हा सुरू करते. थोडक्यात, बटणावरच्या बाईच्या हातात बाकी सगळ्यांचे हात असतात. सत्ता सत्ता म्हणून लोक जिच्यासाठी जीव टाकतात, ती याहून वेगळी काय असते, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

जुन्या मालकाच्या काळात या बटणावर एक मिस्त्री असायचा. एके दिवशी चादर गुंतली, त्यानं मशीन बंद केलं, एका पोरीनं आत हात घातला, आणि मिस्त्रीला चहाची तलफ आली. तो गेला. जाताना कुणाला एका शब्दानं बोलला नाही. त्याच्या जागी दुसरा आला. त्याला वाटलं, मशीन उगाचच बंद आहे. त्यानं बटण दाबलं.

पोरीची दोन बोटं गेली. मालक म्हणाला, "बाईनं लक्ष ठेवायला नको?" मिस्त्री म्हणाला, "मी तर तिथे नव्हतोच." दुसरा म्हणाला, "मला कुणी सांगितलं होतं का?" संतापाची गोष्ट ही की ते दोघेही खरंच बोलत होते. बटण त्या वेळी कुणाच्याच हातात नव्हतं, त्यामुळे दोष कुणाचाच नव्हता. फक्त बोटं तेवढी तिची होती.

त्या चादरीचं दुसरं टोक ताईंच्या हातात होतं. दुसऱ्या दिवशी त्या मालकाकडे घंटा मागायला गेल्या. बटण सोडताना वाजवायची घंटा. मालक म्हणाला, घंटा बसवायची म्हणजे खर्च आला. ताई म्हणाल्या, "मग गळा आहेच की. त्याला काही बसवावं लागत नाही." आणि त्या परत येऊन बटणापाशी जाऊन उभ्या राहिल्या. मिस्त्री बाजूला सर म्हणाला, तर सरल्या नाहीत. त्या दिवसापासून बटण त्यांच्याकडे आणि नियमही त्यांचा.

नियम असा. बटण सोडणारी आधी ओरडते, "हात दाखवा!" रोलरपाशी असलेल्या सगळ्या जणी दोन्ही हात वर करतात. सोडणारी एकेक हात बघते आणि मोठ्यांदा म्हणते, "सोडलं." घेणारी पुन्हा सगळे हात बघते आणि म्हणते, "घेतलं." या दोन शब्दांच्या मधल्या वेळात मशीन कुणाचंच नसतं, म्हणून तेवढ्यात कुणी जागचं हलतसुद्धा नाही. 'सोडलं' म्हटल्याशिवाय कुणी गेली, तर ती गेली असं धरतच नाहीत. ती घरी जाऊन गाढ झोपली तरी बटण तिचंच. एकदा एक जण घाईत न म्हणताच निघून गेली, तर तिला अर्ध्या वाटेतून परत बोलावून आणली, आणि तोवर बाकीच्या हातावर हात ठेवून बसून राहिल्या. मालक थयथयाट करत होता. बसेना का करत.

ती बोटं गेलेली पोर जखम भरल्यावर परत आली. अंगठा आणि उरलेल्या दोन बोटांत ती चादरीची कड अशी पकडायची की धडधाकट हातांनी बघत राहावं. स्वतःच म्हणाली, "मला चिमटी म्हणा. हाक मारायलाही सोपं, नि लपवायलाही काही उरत नाही." तेव्हापासून ती चिमटी. पुढे मालकानं धंदा गुंडाळला आणि या बायकांनी आपसांत मिळून तो चालवायला घेतला. अध्यक्ष कुणाला करायचं, असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांच्या माना आपोआप बटणाकडे वळल्या. हिशेब-कागदपत्रं बघायला तेवढी चार शिकलेल्या माणसांची कमिटी नेमली.

ताई दिसायला काटकुळ्या, पण बोलणं खळ घातल्यासारखं ताठ. पाठीमागे बायका त्यांना 'कडकताई' म्हणत. ते ताईंना माहीत होतं, आणि मनातून आवडतही होतं. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा आमचे हे शाळेत जाणारं शेंबडं पोर होते. सासूबाई आधीच गेलेल्या. जेवायला बसण्याआधी ताई म्हणायच्या, "भाऊजी, हात दाखवा." मग हे दोन्ही हात पुढे करायचे, आधी पालथे, मग उताणे. मळ दिसला की पुन्हा नळाकडे रवानगी. माझे मोठे दीर फार लवकर गेले. त्यांच्यामागे ताईंनी चादरींच्या जिवावर या दिराला शिकवलं, पदवीधर केलं, संस्थेत सचिव म्हणून लावलं आणि शेवटी माझ्या गळ्यात मारलं. त्या शेवटच्या गोष्टीबद्दल मी त्यांना कधीच माफ करून टाकलं आहे.

मी एका वकिलांच्या ऑफिसात टायपिस्ट आहे. राजीनामे टाईप करण्यात माझी हयात गेली. 'वैयक्तिक कारणास्तव, कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीने.' हा मजकूर माझी बोटं झोपेतसुद्धा बडवतील. कितीदा तरी समोर बसलेला माणूस रुमालात तोंड खुपसून हुंदके देत असतो, त्याचा साहेब शेजारी बसून घड्याळ बघत असतो, आणि मी इकडे 'राजीखुशीने' टाईप करत असते. पत्रिका सापडली त्या दिवशी मी ऑफिसात गेले ती तणतणतच. वकीलसाहेबांचा जाडजूड शब्दकोश खाली काढला. मला राग आला की मी शब्दकोश उघडते. भांडी आपटण्यापेक्षा ते बरं, पोचे पडत नाहीत.

राजी हा शब्द मूळचा अरबी, आपल्याकडे आला फारसीचा हात धरून. अर्थ संतुष्ट, कबूल. नामा म्हणजे लिहिलेला कागद. म्हणजे राजीनामा हा मुळात 'मला हे मान्य आहे' असं सांगणारा कागद. अजूनही काही भाषांत दोन भांडणारे समेट करतात, त्या कागदाला हाच शब्द आहे. आणि जमिनीच्या जुन्या व्यवहारात, जमीन सोडणारा राजीनामा लिहून द्यायचा, तर घेणारा कबुलायत लिहून द्यायचा. सोडणाऱ्याचा एक कागद, घेणाऱ्याचा एक. हे वाचल्यावर मी खुर्चीत ताठ बसले. हे तर ताईंचं 'सोडलं-घेतलं'च झालं! ताईंनी काही शब्दकोश वाचला नव्हता. ज्यांनी ते कागद सुरू केले त्यांनी रोलर पाहिला नव्हता. पण मधल्या वेळात कुणाचे तरी हात चिरडतात, एवढं दोघांनाही ठाऊक असणार.

मग मी त्याग बघितला. संस्कृतातल्या 'त्यज्'पासून आलेला, म्हणजे टाकणं, सोडून देणं. फार मोठा शब्द, राजेरजवाड्यांच्या गोष्टींत शोभणारा. पण त्यात एक साधी अट आहे. टाकायची ती वस्तू टाकणाऱ्याची हवी. दुसऱ्याची वस्तू परस्पर उचलली, तर त्याला वेगळा शब्द आहे, आणि तो आमच्या ऑफिसात रोज ऐकू येतो. शेवटी पायउतार. घोड्यावरून किंवा पालखीतून खाली उतरून पायांवर आलेला, तो पायउतार. तो आपण होऊन उतरला की त्याला तंगडी धरून खाली ओढला, हे त्या शब्दावरून मुळीच कळत नाही. म्हणूनच तो वर्तमानपत्रवाल्यांना एवढा प्रिय असावा. आणि माझ्या ताई तर जन्मभर स्वतःच्या पायांवरच उभ्या होत्या. त्यांना उतरवणार कशावरून?

दुपारी मी अर्धी रजा टाकली आणि दवाखाना गाठला. पत्रिका ताईंच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून ठेवून सगळी वाचली, मागची कोरी बाजूसुद्धा उलटून बघितली.

"स्वेच्छा म्हणजे माझीच ना गं?" त्यांनी विचारलं. "की आणखी कुणाची?"

"तुमचीच म्हणे."

"बघ बाई. छापलंय म्हणजे असेल." मग त्यांनी पत्रिकेच्या कडा जुळवून घडी घातली. म्हणाल्या, "मी सोडणारच होते."

"काय?"

"परत गेले की पहिल्याच दिवशी चिमटीला द्यायचं ठरवलं होतं. तिलाही बोलले नव्हते. इथे पडल्या पडल्या मनात म्हणून बघत होते, सोडलं, सोडलं. म्हणताना आवाज कापला तर बायका हसतील ना, म्हणून." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी अंगावरच्या चादरीच्या टोकानं पुसलं, आणि मग ते टोक हातात धरून बघत राहिल्या. "आपल्याकडचीच आहे ही," म्हणाल्या. "कड नीट बसलेली नाही. मी नाही तर लक्ष उडालंय सगळ्यांचं."

जी गोष्ट ही बाई आपल्या हातानं, आपल्या तोंडानं देणार होती, ती चोरायची काय गरज होती? नुसतं विचारलं असतं तरी मिळालं असतं. पण विचारायचं म्हणजे समोर उभं राहावं लागतं, तिच्या डोळ्यांत बघावं लागतं. ठरावाला तेवढं लागत नाही. ठराव पाठीमागून होतो.

"मी वकीलसाहेबांना सांगते," मी म्हटलं. "नोटीस धाडू. तुमची सही नाही, काही नाही, टिकायचं नाही हे."

"नको. घरातलं भांडण घरात. आणि कार्यक्रम माझा आहे ना? मग मी नको का जायला?" त्यांनी चष्मा काढून ठेवला. "तो वॉकर नीट आहे का बघ जरा. पाय घसरायला नको भलत्या वेळी."

समारंभ धुलाईच्या मोठ्या खोलीतच होता. एका बाजूला पुढाऱ्याच्या सभेसारखा रंगीत फलक, त्यावर ताईंचा जुना फोटो. मधोमध नवाकोरा रोलर, त्याच्या बटणाला फीत बांधलेली. पाहुण्यांना खुर्च्या आणि बायका भिंतीपाशी उभ्या. ज्यांची संस्था त्याच उभ्या, पण आता कशाकशावर चिडायचं!

हॉस्पिटलचा मॅनेजर बोलायला उठला. गुळगुळीत माणूस. ताईंचं नाव घेताना तो दोनदा चुकला, पण त्याग हा शब्द मात्र एकदाही चुकला नाही. आजच्या काळात खुर्ची कोण सोडतं, म्हणाला. कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले, ताई सन्मानानं पायउतार होत आहेत, हा आदर्श आहे. मग हार झाला, टाळ्या झाल्या, आणि भेट म्हणून आणली काय, तर आरामखुर्ची! जी बाई आयुष्यभर उभी राहिली, तिला आता बसून राहायला खुर्ची. ताईंना तिच्यातच बसवलं. मग आमचे हे उठले. म्हणाले, "वहिनी मला आईच्या जागी आहेत." मी माझ्या चपला पायातच आहेत ना, ते चाचपून पाहिलं, आणि पायातच राहू दिल्या.

ताईंना मात्र कुणी बोलू दिलं नाही. "वहिनींना त्रास नको," असं म्हणत हे थेट रोलरकडे गेले. चिमटी आणि आणखी एक जण नव्या चादरीची टोकं धरून तयार होत्या. फोटोग्राफरनं कॅमेरा डोळ्याला लावला. यांनी फीत सोडली, चेहऱ्यावर हसू आणलं आणि बटण दाबलं.

रोलर फिरायला लागला. चादर मात्र आत गेली नाही. चिमटीनं आपलं टोक शेजारच्या, ओल्या चादरींच्या ढकलगाडीत टाकलं आणि दोन्ही हात वर केले. तिच्या जोडीदारिणीनंही तेच केलं. मग भिंतीपाशी उभ्या असलेल्या सगळ्यांनी, एकीमागून एकीनं. मी शपथेवर सांगते, कट वगैरे काही शिजला नव्हता, कुणी कुणाला खूण केली नव्हती. बटण कुणाकडे आहे ते माहीत नसलं की हात वर, एवढंच त्यांना माहीत होतं. जन्मात दुसरं काही केलंच नव्हतं.

"बायांनो, हात खाली घ्या की," फोटोग्राफर म्हणाला. "फोटोत शरण आल्यासारख्या दिसताय."

"चला, चला, चादर घाला," हे म्हणाले. "मी आहे ना बटणावर."

"तुम्ही कधी घेतलंत?" चिमटीनं विचारलं.

"म्हणजे?"

"ताईंनी सोडलेलंच नाही. मग तुम्ही घेतलं कुठून?"

"अहो, ठराव झालाय. कमिटीत. सगळं रीतसर आहे."

"असेल. आम्हाला नाही ऐकू आलं."

मॅनेजरनं घड्याळ बघितलं. यांच्या कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या. रोलर आपला रिकामाच फिरत होता. तेवढ्यात आरामखुर्चीतून आवाज आला.

"भाऊजी, आधी मशीन बंद करा. रिकामं तापवू नये."

यांनी निमूटपणे बंद केलं. ताईंनी गळ्यातला हार काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि वॉकर पुढे ओढला. मी उठायला लागले तर नजरेनंच मला बसवलं. त्या एकेक पाऊल टाकत बटणापर्यंत गेल्या. यांना बाजूला व्हावं लागलं, कारण ताई कुणाला वळसा घालून जात नाहीत.

"हात दाखवा!"

आवाज कापला नाही. बायकांचे हात वरच होते, ते आणखी वर गेले.

"सगळ्यांनी," ताई म्हणाल्या. "या खोलीत जो आहे त्या प्रत्येकानं. इथला नियम आहे."

फोटोग्राफरनं कॅमेरा गळ्यात सोडला आणि हात वर केले. कमिटीवाल्यांनी केले. मॅनेजरनं हसत हसत खांद्यापर्यंत नेले. ताई म्हणाल्या, "पूर्ण." त्यानं पूर्ण केले, आणि हसू खाली आलं.

"भाऊजी, हात दाखवा."

हे तिथे उभे होते, नवा कोट, छातीवर फूल. यांनी हात वर केलेच नाहीत. यांचे हात पुढे आले. आधी पालथे, मग उताणे. सवयीनं झालं ते, यांना कळलंसुद्धा नसेल. ताईंनी ते बघितले, बराच वेळ बघितले. मग रांगेतला एकेक हात बघत त्या चिमटीच्या हातापर्यंत आल्या आणि तिथे थांबल्या.

"सोडलं," त्या म्हणाल्या.

खोलीत कुणी हललं नाही. ताई यांच्याकडे वळल्या. "भाऊजी, तुमचा ठराव आहे. घ्यायचं तर घ्या, मी अडवणार नाही. फक्त मोठ्यानं म्हणा. हे एवढे हात आहेत, त्यांना ऐकू गेलं पाहिजे."

यांनी तोंड उघडलं. समोर चिमटी हात वर करून उभी होती, आणि त्या हातात जे नव्हतं तेच सगळ्यांत आधी दिसत होतं. सभा बोलवता आली, ठराव लिहिता आला, सोनेरी किनारीची पत्रिका छापता आली, आईच्या जागी वगैरे भाषण ठोकता आलं. एक शब्द म्हणता येईना. यांची नजर खाली गेली. आजवर मला या माणसाची दया आली आहे, चीड आली आहे, पण लाज वाटली ती त्या दिवशी. त्यानं घेतलं नाही याची नाही. ओझं किती आहे हे साधं उचलूनही न बघता तो ते दुसऱ्याच्या डोक्यावरून ओढायला गेला, याची.

"घेतलं," चिमटी म्हणाली.

तिनं सगळे हात पुन्हा एकदा बघितले आणि बटणापाशी येऊन उभी राहिली. दोघी जणींनी चादर लावली. ताई त्या आरामखुर्चीकडे फिरकल्याही नाहीत. वॉकर ढकलत पलीकडच्या बाजूला गेल्या, बाहेर आलेल्या गरम चादरीवरून त्यांनी हात फिरवला आणि म्हणाल्या, "कड बसली."

कंत्राटाचं पुढे काय झालं, असं लोक विचारतात. मिळालं. मॅनेजरला चादरी हव्या होत्या. त्या बालवाडीतून आल्या म्हणून रोग्यांची काही हरकत नव्हती.

संध्याकाळी हे घरी आले. कोट हातावर, फूल कुठे पडलं होतं कुणास ठाऊक. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "एक कागद टाईप करून देशील?"

"कसला?"

"राजीनामा."

"राजी आहात?" मी विचारलं.

यांनी हातावरचा कोट खुंटीला अडकवला. मग म्हणाले, "त्यांनी मला घ्या म्हटलं गं. सगळ्यांसमोर. मी त्यांच्या जागी असतो तर म्हटलं नसतं."

मी तोंड उघडणार होते. माझ्याकडे बोलायला पुष्कळ साठलं होतं, आणि त्यातलं एकही वाक्य शब्दकोशात नव्हतं. पण आतून ताईंची हाक आली.

"भाऊजी, हात दाखवा आणि बसा. अन्न निवतंय."

हे गेले, हात पुढे केले. ताईंनी बघितले आणि ताट वाढलं. नेहमीसारखं, जराही हात आखडता न घेता. त्यांनी तेवढ्यातच सगळं मागे टाकलं. त्यांचं मन मोठं आहे, त्यांना ते शोभतं. अध्यक्षपदाचा तो राजीनामा मी दुसऱ्या दिवशी टाईप करून दिला, 'राजीखुशीने' सकट, कारण या खेपेला निदान तो शब्द खरा होता. पण त्या संध्याकाळी मी माझं ताट उचललं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. आमच्या घरात न म्हणता गेलेलं गेलेलं धरत नाहीत. आणि माझ्या रागाचं विचाराल, तर मी अजून 'सोडलं' म्हटलेलं नाही.